रक्त आधी, गोळी नंतर

बिबवेवाडी, पुणे
९ जून २०२४

माझ्या लिव्हरच्या मूळ मालकिणीस, म्हणजे चि. सौ. शालन हिस,

दादाचा आशीर्वाद. खरं तर आशीर्वाद लिहिताना पेन जरा अडखळलं. धाकट्या बहिणीच्या लिव्हरचा अर्ध्याहून मोठा तुकडा पोटात घेऊन फिरणाऱ्याने तिलाच वरून आशीर्वाद द्यायचा म्हणजे जरा जास्तच झालं. पण वयाने दहा वर्षांनी मोठा आहे, एवढा एकच हुद्दा आता माझ्याकडे उरलाय. तेव्हा घे.

तुझी अट मी पाळतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू वहिनीच्या हाती चिठ्ठी दिली होतीस, 'लिव्हर देते, पण बोलणार नाही. काही सांगायचं असेल तर लिहून कळवावं.' वहिनी म्हणते, मोबाईलवर लिहा. तिला कुठे माहीत की तू मला नऊ वर्षांपूर्वीच ब्लॉक केलंयस! त्यामुळे बिबवेवाडीहून मांजरीला, म्हणजे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, मी टपालाने पत्र टाकतोय. पोस्टातल्या माणसाने पत्ता दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या हॉस्पिटलच्या त्या समितीपुढची तुझी मुलाखत आठवली की अजून हसू येतं. साहेबांनी विचारलं, "भावाचा काही दबाव?" आणि तू म्हणालीस, "दबाव कसला साहेब, नऊ वर्षं आमचं बोलणंच नाय." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा तेच पिवळे डोळे घेऊन घरी जायचं.

आता अहवाल. आज चार महिने झाले. एसजीपीटी ३८. म्हणजे लिव्हर खूश. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशी ती मोठी गोळी, शरीराने तुझा तुकडा परका म्हणून हाकलू नये यासाठीची. मोबाईलला गजर आहे, पण गजराची गरज पडत नाही. दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होतो, घड्याळ अंगात मुरलंय. पूर्वी रक्त द्यायला पहाटे उठून हॉस्पिटलात पळावं लागायचं. मे महिन्यापासून घराजवळच्या लॅबमध्ये देतो. लॅब नऊला उघडते. आठला गोळी, अंघोळ, साडेनऊला आपला पहिला नंबर.

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या वेगळ्या. त्या बारा आठवड्यांच्या, ८ जुलैला संपतील. पुढे बारा आठवडे थांबायचं आणि मग रक्त तपासायचं. तेव्हा व्हायरस दिसला नाही तर तो कायमचा गेला असं धरतात. दिसला, तर माझं जुनं लिव्हर त्याने तीस वर्षं कुरतडलं तसंच तुझंही कुरतडेल. चौऱ्याण्णवच्या स्कूटरच्या अपघातात चढवलेल्या रक्तातून आलेला पाहुणा हा. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी सोसायटीतले लोक 'लिव्हर' म्हटलं की समजुतीने हसतात. मीही आता हसतो. खुलासा करून थकलो.

तुझी जखम कशी आहे? दाजींना नमस्कार.

तुझा,
दादा

---

मांजरी बुद्रुक
१९ जून

बिबवेवाडीकर यांस,

पत्र पोचलं. आपला आशीर्वाद ठेवून घेतला. आलेली वस्तू परत कशाला पाठवायची?

माझी जखम भरली. पाऊस-पाण्याची हवा झाली की खाजते, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, राहिलेलं लिव्हर वाढून जवळजवळ पहिल्याएवढं झालं. दाजी म्हणतात, घेवडासुद्धा इतका झटक्यात वाढत नाही. परवापासून मी मळ्यात जायला लागले. कोथिंबिरीच्या जुड्या बांधते, वजन उचलत नाही. गावातल्या बाया येऊन पोट बघून जातात आणि जाताना हमखास म्हणतात, "अगं, पण तुमचं तर बोलणं नव्हतं ना?" मी सांगते, राग रागाच्या जागी, भाऊ भावाच्या जागी.

आणि राग कशाचा ते आपण विसरला असाल, तर लिहूनच ठेवते. राजनंदिनीच्या लग्नात साडेबाराला पंगत बसली नाही, म्हणून आपण भर मांडवात घड्याळ दाखवून म्हणालात, "या घरात वेळेला किंमत नाही." आणि न जेवता निघून गेलात. मुलीचा मामा न जेवता गेला! व्याह्यांनी ऐकलं. माझ्या पोरीनं सासरी दोन वर्षं त्यावरनं टोमणे खाल्ले. तिनं केव्हाच सोडून दिलं. मी नाही सोडलं.

पत्रात गप्पा कमी लिहाव्यात आणि आकडे जास्त. दर वेळचा रिपोर्ट कळवत जावा. वस्तू माझी आहे.

शालन

---

बिबवेवाडी
२ ऑगस्ट

चि. सौ. शालन हिस आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. म्हणजे आहेस तेवढीच राहा.

बातमी अशी की तुझ्या दादाला बढती मिळाली. रक्तातली त्या मोठ्या गोळीची पातळी दर वेळी भरपूर निघते, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला. जूनअखेर एकदा आणि जुलैमध्ये परत एकदा. मी तनुजाला, म्हणजे आमच्यासारख्या पेशंटांची फोनवरून खबर घेणारी हॉस्पिटलची मुलगी, तिला म्हणालो, "बघा, माझं शरीर किती शिस्तीचं आहे. निम्म्या औषधात काम भागवतं." ती म्हणाली, "काका, तुम्ही तर आमचे मॉडेल पेशंट!" हे वाक्य मी सोसायटीच्या पायऱ्यांवर तिघांना ऐकवलं. चौथ्याला वहिनीने सांगू दिलं नाही.

हॉस्पिटलने दिलेला सूचनांचा कागद मी लॅमिनेट करून फ्रिजवर लावलाय. नुसता लावला नाही, चारही कोपरे पट्टीने मोजून लावला. लॅबच्या फॉर्मवर 'शेवटची गोळी किती वाजता' असा रकाना असतो. बाकीचे लोक तिथे 'साधारण' लिहितात. साधारण! मी लिहितो, ८.००. तिथली मुलगी म्हणते, तुमचा फॉर्म सगळ्यांत नीट असतो.

व्हायरसच्या गोळ्या ८ जुलैला संपल्या. आता सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा.

थोडा थकवा आहे, तो हवेचा. परवा स्वारगेटपर्यंत चालत गेलो आणि रिक्षाने परत आलो. रिक्षावाल्याने मीटर टाकलं, ही खरी बातमी. तुमच्याकडे पाऊस कसा आहे? घेवडा काय म्हणतो? राजनंदिनीच्या धाकटीला दात आले का? वहिनीने लिंबाचं लोणचं घातलंय, मला मिठाचं पथ्य म्हणून नुसता वास घेऊ देते.

तुझा,
दादा

---

मांजरी
२० ऑगस्ट

दादासाहेब,

आपलं पत्र तीनदा वाचलं. घेवडा आला, रिक्षा आली, लोणचं आलं. एसजीपीटी आलं नाही. ज्या माणसानं माझ्या लग्नात अक्षतांचं वजन लिहून ठेवलं होतं, तो माणूस आकडा विसरतो? मला तेव्हाच शंका आली होती.

काल दाजींनी वहिनीला फोन केला. ती रडायलाच लागली. तेरा तारखेपासून तू हॉस्पिटलात हायस. आकडा २९० वर गेलाय. पोटात सुई घालून लिव्हरचा कण काढून तपासायला दिलाय. आणि मला कळवायचं नाही म्हणून वहिनीला शपथ घातलीस. का रे?

खरं सांग. माझाच तुकडा खराब निघाला का? वहिनी म्हणाली, डॉक्टर म्हणतात शरीर तो नाकारतंय. मी रात्रंदिवस एकच विचार करते. मी तो हसत दिला नव्हता. टेबलावर झोपवलं तेव्हासुद्धा माझ्या मनात मांडव होता, तुझं घड्याळ होतं. मला वाटलं होतं, देऊन टाकते, म्हणजे माझ्यावर काही राहायचं नाही. असं रागानं दिलेलं अंगाला लागतं का कुणाच्या? दाजी म्हणतात, वेडी हायस. पण मला जेवण जाईना.

तुकड्यात खोट असेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन. पण लोणच्याचं लिहू नकोस.

शालन

---

बिबवेवाडी
२७ ऑगस्ट

शालन,

परवा घरी आलो. आज हाताला बळ आलंय, म्हणून पहिलं काम हे.

तुझ्या तुकड्यात खोट नाही. तीळभर नाही. तू जेवायला लाग. आधी जेव आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं वाचलंस की रागाने पुन्हा जेवणार नाहीस.

डॉक्टरांना आधी वाटलं, व्हायरस परत उलटला. तपासला, तर सापडला नाही. मग तो कण तपासून आला. माझ्याच शरीराने तुझ्या तुकड्यावर हल्ला केला होता. गोळी अपुरी पडली की असं होतं म्हणे. डॉक्टर कोड्यात पडले, कारण कागदावर तर माझी पातळी कायम भरपूर! तेव्हा ती तनुजा खुर्ची ओढून पलंगाशी बसली. पुढचं संभाषण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काका, गोळी किती वाजता घेता?"

"आठला. ठोक्याला."

"आणि रक्त किती वाजता देता?"

"साडेनऊला. पहिला नंबर."

तिने फॉर्मवरच्या माझ्या ८.०० वर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "काका, रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं. बारा तासांनी गोळी किती उरलीय, ते बघायचं असतं आम्हाला."

कळलं का तुला? मी आठला गोळी गिळायचो आणि दीड तासाने, ती रक्तात ऐन भरात असताना, रक्त द्यायचो. आकडा फुगलेला येणारच! फॉर्मवर ८.०० लिहायचो, पण सकाळचे की रात्रीचे ते लिहायचो नाही. माझ्या दोन्ही गोळ्या आठच्याच. त्यांना वाटायचं, रात्रीचे. फुगलेला आकडा बघून ते बिचारे डोस कमी करत होते, आणि मी त्याला बढती समजून पायऱ्यांवर मिरवत होतो. कारखान्यात एखाद्या पेटीवर वेळ लिहून सकाळ-संध्याकाळ लिहिली नसती, तर मी ती पेटी परत पाठवली असती, वर त्या माणसाला दोन शब्द सुनावले असते.

घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद वाचला. पहिल्यांदाच वाचला, असं म्हणायला हरकत नाही. पहिलीच ओळ, जाड अक्षरात: तपासणीच्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. चार कोपरे मी मोजले होते. मधलं वाचायचं राहिलं होतं.

पहिले तीन महिने हॉस्पिटलात सातला रक्त घ्यायचे, म्हणून निभावलं. लॅब बदलली तेव्हा मी गोळी थांबवायला हवी होती. पण आठची गोळी साडेनऊला घ्यायची? मी? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तरी मी त्यालाच वेळेचं महत्त्व पटवलं असतं.

म्हणून सांगतो, तू रागाने दिलास तो तुकडा चार महिने निमूट काम करत होता. मी इतक्या कौतुकाने सांभाळला आणि बिघडवला. तीन दिवस सलाईनमधून जोरकस औषध दिलं. काल आकडा १२० होता, उतरतोय. डॉक्टर म्हणतात, वेळेत कळलं, वाचेल. मागच्या पत्रात आकडा लिहिला नाही, कारण तो तेव्हाच चढायला लागला होता. मला तुझ्यापासून लपवायचं नव्हतं गं, मला लाज वाटत होती. मुकाट्याने कापून दिलेली वस्तू सहा महिन्यांत खराब केली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि लिहितोच आहे तर तेही लिहितो. तुझ्या मांडवातून ताठ मानेने निघालो आणि सव्वादोनला हडपसरच्या गाडीतळावर उभ्याने दोन वडापाव खाल्ले. पंगत एक चाळीसला बसली, हे मला नंतर कळलं. म्हणजे थांबलो असतो तर आधीच जेवलो असतो. नऊ वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. राजनंदिनीला काय सोसावं लागलं, हे तुझ्या जूनच्या पत्राने पहिल्यांदा कळलं. मी चुकलो, शालन. त्या वेळी चुकलो आणि आताही.

दादा

---

मांजरी
२ सप्टेंबर

बिबवेवाडीकर,

जेवले. मग वाचलं. मग दाजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी गोठ्यामागं जाऊन रडले, आणि मग आलं.

वडापावाचं राजनंदिनीला कळवलंय. ती म्हणाली, "दोन?"

आता नीट वाचायचं, कोपरे मोजायचे नाहीत. दर सोमवारी रक्त हॉस्पिटलातच द्यायचं. मी पहिल्या बसनं येणार. गोळीची डबी माझ्या हातात द्यायची. सुई बाहेर आली की गोळी मी देणार. बोलणार नाही. नुसती बसणार.

शालन

---

बिबवेवाडी
६ ऑक्टोबर

शालन,

गेल्या सोमवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहितो. लेखी नोंद असावी.

तीन सोमवार तू आलीस, डबी मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसलीस, सुई निघाली की माझ्या तळहातावर गोळी ठेवलीस आणि बस पकडून गेलीस. रक्त घेणाऱ्या मुलाने मला विचारलं, "मिसेस रागावल्यात का?" मी म्हणालो, बहीण आहे. तो म्हणाला, "मग बरोबर."

चौथा सोमवार, ३० सप्टेंबर. व्हायरसच्या परीक्षेचाही तोच दिवस. कॉम्प्युटर बंद पडला, रांग थांबली. आठ वाजले, खिशात गजर झाला. डबी तुझ्याकडे होती हे खरं, पण मी बेरकी माणूस, एक गोळी वरच्या खिशात ठेवली होती, अडीअडचणीला. डोकं म्हणत होतं, थांब. हात ऐकेना. चौतीस वर्षांचा हात तो. गोळी तोंडाशी गेली, आणि तू ओरडलीस,

"दादा, थांब!"

अख्खा हॉल थांबला. खिडकीतली मुलगी थांबली. ट्रॉली ढकलणारा थांबला. एका बाईंनी हातातलं बिस्किट पुड्यात परत ठेवलं. आणि मी तर असा थांबलो की गोळी हातातून पडली आणि बाकाखाली गेली. नऊ वर्षांनी तू मला दादा म्हणालीस. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस आणि पदर डोळ्याला लावलास. आमचा नंबर लागला तेव्हा त्या मुलाला शीर सापडेना. त्याने तीनदा टोचलं. मला एकदाही कळलं नाही.

आता कामाचं. काल रिपोर्ट आला. एसजीपीटी ४१, आणि व्हायरस सापडला नाही. बारा आठवडे उलटून गेले आणि सापडला नाही, म्हणजे गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदोनदा सोनोग्राफी आणि गोळ्या मात्र जन्मभर. तुझ्या तुकड्याला आता माझ्याशिवाय कुणाला घाबरायचं कारण नाही.

हे पत्राने कळवायचं नव्हतं. काल संध्याकाळी तुमच्या घरच्या फोनवर फोन आला ना, तो मीच केला होता. म्हटलं, थांब म्हणाली म्हणजे बोलली, आता आपण बोलावं. काय म्हणायचं ते कागदावर लिहूनसुद्धा घेतलं होतं. तू उचललास. 'हॅलो' म्हणालीस. चार वेळा म्हणालीस. आणि जन्मभर सगळ्यांना सुनावणाऱ्या या माणसाच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, राँग नंबर. म्हणून हे पत्र.

तुझा,
दादा

---

मांजरी
१० ऑक्टोबर

दादा,

राँग नंबर कसला! तुझ्या मागनं वहिनी घसा फोडून ओरडत होती, "अहो, रडताय काय, निगेटिव्ह आलंय म्हणून सांगा ना तिला!" इकडं दाजींनासुद्धा ऐकू गेलं.

मला पहिल्याच हॅलोला सगळं कळलं होतं. बाकीचे तीन तू फोन ठेवू नयेस म्हणून म्हटले.

शालन